हुपरीकर आणि मतदारसंघाची हद्द

दत्तात्रय हुपरीकरांकडून जेवायचं बोलावणं आलं की माझी बायको सुरुची आधी विचारायची, "नकाशा जेवणाआधी की जेवणानंतर?" नकाशा असायचाच. आम्ही दोन्ही कुटुंबं हॅनोव्हरच्या बाहेर आल्टेनरोडे नावाच्या उपनगरात राहतो. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला शतावरीची शेतं, मधून जाणारी एस-बान म्हणजे लोकल, आणि रविवारी पूर्ण शुकशुकाट. इथे बघण्यासारखं काही नाही हे इथले जर्मनही कबूल करतात. हुपरीकर मात्र इथे बघतच राहिले.

पेशाने ते ट्रकच्या ब्रेकचे इंजिनिअर. कोल्हापूरकडचे, २००१ साली इकडे आलेले. पुढच्या वर्षी संसदेची निवडणूक होती आणि दिव्याच्या खांबांवर उमेदवारांचे फोटो लागले होते. गाडीची वाट बघताना हुपरीकरांच्या लक्षात आलं की कालव्याच्या अलीकडे खांबांवर चष्मा लावलेल्या एक बाई आहेत आणि पलीकडच्या खांबांवर भलतेच टकले गृहस्थ आहेत. दुसरा कुणी असता तर गाडी आली तेव्हा गाडीत बसला असता. हुपरीकरांनी ती गाडी सोडली, पूल ओलांडून पलीकडे गेले आणि बाई नेमक्या कुठे संपतात ते बघून आले. तेव्हापासून ह्या मतदारसंघाने त्यांना जे धरलं ते धरलंच.

१९४९ पासूनच्या सगळ्या हद्दी त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काढल्या होत्या. एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरल्या की कोणती रेघ कधी सरकली ते दिसायचं. कुठे ती जंगलाला वळसा घालायची, कुठे उगाच एका डुकरांच्या फार्मला पोटात घ्यायची. त्यामागे काय राजकारण होतं ह्यावर हुपरीकर पाऊण तास बोलू शकत. राजकारण काहीही नव्हतं. दोन ग्रामपंचायती एक झाल्या म्हणून ती रेघ तिथे होती, आणि हे स्वतः त्यांनीच शोधून काढलं होतं. तरी पाऊण तास लागायचाच.

आणि निकालांचा इतिहास तर विचारूच नका. साठ वर्षांत इथे एकच पक्ष जिंकत आला. उमेदवार बदलले, कधी वकील, कधी शेतकरी संघाचा माणूस, दोनदा एक दातांचा डॉक्टर. अपवाद एकट्या १९७२ चा. तेव्हा दुसरा पक्ष चारशेबारा मतांनी आला. ते सांगताना हुपरीकर आवाज खाली आणत आणि पाहुण्याच्या ताटात नकळत आणखी एक पुरणपोळी पडे. त्यांची मुलगी मैथिली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती शांतपणे म्हणायची, "पापा, दास इंटरेसीर्ट काइनन." म्हणजे ह्यात कुणालाही रस नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती.

शेजारच्या ब्रिंकमान साहेबांना हुपरीकरांनी एकदा कुंपणावरून विचारलं, आपण कोणत्या वालक्राइसमध्ये येतो, माहीत आहे का? वालक्राइस म्हणजे मतदारसंघ. ब्रिंकमान सत्तर वर्षं ह्याच गावात राहिलेले. ते थोडा विचार करून म्हणाले, "गुरुवारच्या." त्यांना वाटलं कचऱ्याच्या गाडीबद्दल चाललंय. मग नीट समजावल्यावर त्यांनी हुपरीकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की इथे माणसाला दोन मतं असतात. पहिलं आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला, आणि संसदेतल्या जागा ठरतात त्या दुसऱ्या मतावर. तेव्हा रेघ इथे असली काय किंवा तिथे असली काय! हुपरीकरांना हे अर्थातच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ब्रिंकमानसारख्या माणसाने ते समजावून सांगणं वेगळं. दोन दिवस ते त्या कुंपणाकडे फिरकले नाहीत.

हे सगळं निरुपद्रवी होतं. बिघडलं ते २०१३ साली.

त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर हुपरीकरांनी निवडणुकीचा कायदा मुळातून वाचायला घेतला. मतदारसंघ किती मोठा असावा ह्याचे नियम होते. सरासरी लोकसंख्येपेक्षा पाव हिस्सा मोठा झाला की हद्द नव्याने आखायची. ठीक. पण लोकसंख्या मोजताना परदेशी नागरिक धरायचे नाहीत. हे वाक्य त्यांनी मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.

"हृषिकेश, तुला कळतंय का? मत नाही ते ठीक आहे, मत मागतोय कोण! पण आपण मोजलेच जात नाही. बारा वर्षं मी ह्या मतदारसंघाचा इतिहास लिहितोय आणि ह्या मतदारसंघात मी नाहीच!"

"अहो हुपरीकर, टॅक्सवाले मोजतात की."

"थट्टा नको. ब्रिंकमानचा नातू जन्मला त्या दिवशी मोजला गेला. त्याला मान धरता येत नव्हती."

मी हसलो. पण त्यांना ते लागलं होतं, खरंच लागलं होतं, आणि फोन ठेवल्यावर मलाही थोडं लागलं. आपण बागेत बाक टाकतो, मुलांच्या शाळेत केक नेऊन देतो, बर्फ पडला की दारासमोरचा रस्ता साफ करतो, आणि सरकारच्या त्या तक्त्यात आपल्या घरात कुणी राहत नाही.

मग त्यांनी मोहीम उघडली. आल्टेनरोडे आणि आसपासच्या सगळ्या मराठी लोकांनी जर्मन नागरिकत्व घ्यायचं. दर रविवारी त्यांच्या दिवाणखान्यात परीक्षेचा वर्ग. तेहतीस प्रश्न, त्यातले सतरा बरोबर आले की पास. आम्ही सगळे जेईई, गेट, जीआरई वगैरे देऊन आलेली माणसं. आमच्या लोअर सॅक्सनी राज्याच्या निशाणावर घोडा आहे की अस्वल, ह्यासाठी तीन महिने वर्गाला बसलो. का बसलो? एकाला व्हिसाशिवाय लंडनला जायचं होतं. एकाला सरकारी प्रोजेक्टवर घेत नव्हते. मला न्यूयॉर्कला बहिणीकडे जाताना दर वेळी वकिलातीत रांग लावण्याचा वीट आला होता. मोजलं जाण्यासाठी अर्ज करणारा माणूस एकच होता. त्याला वाटायचं, सगळेच त्यासाठी आलेत. आम्ही तसं वाटू दिलं, कारण वर्गानंतर हुपरीकरांच्या बायकोचा, वासंतीवहिनींचा, फोडणीचा भात असायचा.

वासंतीवहिनीच शेवटपर्यंत तयार नव्हत्या. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, त्यामुळे जुना पासपोर्ट परत करावा लागतो. "अहो, तुमच्या रेघेसाठी मी माझ्या देशात व्हिसा काढून जायचं?" त्या विचारायच्या. शेवटी एका सकाळी त्याच म्हणाल्या, "चला हाम्बुर्गच्या वकिलातीत, देऊन टाकते एकदाचा." आम्ही चौघं बरोबर गेलो होतो. खिडकीत पासपोर्ट देण्याआधी त्यांनी पहिल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. फोटो हलला म्हणून परत काढला. येताना गाडीत हुपरीकर हॅनोव्हर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

२०१४ च्या डिसेंबरपर्यंत लहानथोर धरून एकसष्ट माणसं जर्मन झाली. हुपरीकरांनी यादी केली आणि खाली सही केली, का ते देव जाणे.

आणि २०१६ साली नवा कायदा आला. काही मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या होत्या. त्यात आमचाही होता. लोकसंख्या मर्यादेच्या वर गेली म्हणून एक तुकडा कापून शेजारच्या मतदारसंघाला जोडला होता. तो तुकडा म्हणजे आल्टेनरोडे. आता तो टकल्या गृहस्थांचा भाग! पंधरा वर्षांचा अभ्यास रेघेच्या त्या बाजूला राहिला आणि हुपरीकर ह्या बाजूला.

त्यांनी आयोगाचा अहवाल मागवला, शेवटचा तक्ता काढला, गणित केलं आणि मला बोलावून घेतलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मर्यादा किती जणांनी ओलांडली गेली, सांगू? सत्तेचाळीस. आणि आपण किती आहोत? एकसष्ट."

"मग?"

"मग काय? आपण केलं हे. मी केलं."

आता गंमत बघा. पहिला आठवडाभर माणूस सुतकात असल्यासारखा होता. मग हळूहळू त्या सुतकाला तकाकी यायला लागली. कोणी भेटलं की ते खिन्नपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "आपल्यामुळे त्यांना नकाशा बदलावा लागला." गणपतीत म्हणाले, कोजागिरीला म्हणाले. ऐकणारे चपापायचे आणि थोडे ताठही बसायचे. मीसुद्धा बसलो. न्यूयॉर्कसाठी पासपोर्ट घेतला आणि जर्मन सरकारची रेघ सरकवली, हे काही वाईट नव्हतं. पण हुपरीकरांना ते आतून कुरतडत होतं. वासंतीवहिनींनी ज्यासाठी पासपोर्ट दिला तेच आपण स्वतःच्या हाताने घालवलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. शेवटी ते म्हणाले, आपण निवडणूक कार्यालयात जाऊन हे रीतसर सांगू या. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी बरोबर गेलो.

कार्यालयात लिंडेमान नावाचा एक तरुण अधिकारी होता. सभ्य मुलगा. हुपरीकरांनी यादी त्याच्यासमोर ठेवली, सत्तेचाळीस आणि एकसष्ट समजावून सांगितले आणि जवळपास माफी मागितली. लिंडेमानने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने तोच अहवाल उघडला, तोच तक्ता काढला आणि तक्त्याखालच्या बारीक अक्षरांवर पेन्सिल टेकवली.

"आल्झो, म्हणजे असं बघा, हेर हुपरीकर, हे आकडे २०१३ च्या अखेरचे आहेत. तुमची माणसं नंतर नागरिक झाली. ती ह्यात नाहीत."

"एकही?"

"एकही नाही. इकडे नवी वसाहत झाली ना, त्यामुळे आकडा वाढला. तुमचा काही संबंध नाही. निश्चिंत राहा." आणि भला माणूस समजूत काढायला पुढे म्हणाला, "पुढच्या मोजणीत तुम्ही असाल. पण नवा मतदारसंघ लोकसंख्येने बराच लहान आहे, मर्यादेच्या खूप खाली. तिथे एकसष्ट माणसांनी काही फरक पडणार नाही."

ब्रेकच्या नळीत केसाएवढा फरक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला ती तळटीप दिसली नसेल? मला आजही वाटतं, त्यांनी ती पाहिली होती. वाचली नाही एवढंच.

येताना एस-बानमध्ये ते यादीची घडी उलगडत होते आणि परत घालत होते. मी म्हणालो, चला, बरं झालं, डोक्यावरचं ओझं गेलं. त्यांनी यादी पुन्हा उलगडली. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्यांदा हसलो होतो. त्या दिवशी हसूच येईना, उलट त्या सभ्य लिंडेमानचा मला भयंकर राग आला. दोष घ्यायला आलेल्या माणसाला त्याने दोषसुद्धा दिला नाही.

घरी पोचलो तर वासंतीवहिनी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाला? रागावला का?"

हुपरीकर बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"वहिनी," मी म्हणालो, "म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्यामुळेच झालं. एकसष्ट माणसं एकदम आली, दुसरा इलाजच नव्हता म्हणे."

"बघा!" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जी ऐट आली ती मी बघितली आणि मला खोटं बोलल्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. "मी ह्यांना सांगतच होते, एवढी माणसं नेऊ नका." संध्याकाळपर्यंत त्यांचे सगळ्यांना फोन झाले. साठ माणसं आजही ती गोष्ट नव्या येणाऱ्यांना सांगतात, आणि दर वेळी थोडी वाढवून.

एकसष्टावा ती सांगत नाही. २०१७ च्या सप्टेंबरात आम्ही संसदेसाठी पहिल्यांदा मत द्यायला निघालो. प्राथमिक शाळेच्या फाटकाशी ब्रिंकमान भेटले, हात हलवून पुढे गेले. खांबावर फोटो होते. हुपरीकर थांबले, वर बघितलं, आणि मला हळूच विचारलं, "हृषिकेश, इथे उभं कोण आहे रे?"

मलाही माहीत नव्हतं.