गारांच्या शिकारीला बाबा

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांचा एक ग्रुप आहे. वर्षभर उन्हात भाजून निघालेली ही मंडळी जानेवारीत चार ढग दिसले की गाड्या काढतात आणि रास अल खैमाचा डोंगर गाठतात. गारा पडताना बघायच्या, नशीब जोरावर असेल तर बर्फ. याला ते शिकार म्हणतात. हातात बंदुकीऐवजी फोन. ज्याचा व्हिडिओ सगळ्यांत भारी तो त्या वर्षीचा शिकारी. शिकारीचं नाव काढलं तरी आता माझं डोकं फिरतं.

त्या शनिवारी सकाळी ग्रुपवर मेसेज आला, यल्ला, चला, वर तापमान दोनवर आलंय. माझे बाबा तेव्हा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे दुबईत, करामाला आले होते. त्यांना दमा आहे, थंडी अजिबात सोसत नाही. मी नको म्हणत होते. पण नवरा म्हणाला, बाबा, चला, आणि बाबा निमूटपणे शर्ट बदलायला उठले. लेकीच्या घरी जावयाचा शब्द मोडायचा नाही, ही त्यांची खोड. घरात एक धड स्वेटर नव्हता. दुबईत घेतो कोण? डिकीत बिर्याणीचं पातेलं मात्र आठवणीने चढलं.

वर पोचलो आणि गारा सुरू झाल्या. टपावर नुसता ताशा. मग वारा सुटला आणि खराखुरा बर्फ पडू लागला, समोरचा रस्ता दिसेना. नवरा फोन घेऊन उतरला. बाबा मागच्या सीटवर माझी ओढणी गुंडाळून बसले होते. त्यांच्या छातीतली घरघर मला पुढे ऐकू येत होती. त्यांच्या शेजारी बसलेली माझी लेक म्हणाली, "मम्मा, हिज लिप्स आर ब्लू."

मी इनहेलर मागितला. तो घरीच राहिला होता.

"शारजापाशी आठवलं होतं," बाबा धापा टाकत म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"जावईबापूंना गाडी परत फिरवायला कसं सांगायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्वास कोंडून मरायला तयार, पण जावयाला तसदी नको! मी हॉर्न दाबून धरला. नवऱ्याने वळून न बघता दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

उतारावर दगड कोसळले होते आणि गाड्यांची रांग जागच्या जागी थांबली होती. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ते निघाले, पण वर यायला वेळ लागणार होता. मी चपला घालून त्या बर्फात उतरले आणि एकेका गाडीची काच ठोठावत खाली चालत गेले. "किसी के पास इनहेलर है?" गारांनी कानशिलं सडकून निघत होती आणि मी मोठ्याने शिव्या देत होते, नवऱ्याला, बाबांना, स्वतःलाही. सकाळी पाय रोवून नाही म्हणायला मला काय झालं होतं?

नवव्या का दहाव्या गाडीत एका पेशावरच्या बाईने आपल्या मुलाचा इनहेलर काढून दिला. मी पळत आले. चार फवाऱ्यांनंतर बाबांच्या ओठांचा रंग परतला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी येऊन ऑक्सिजन दिला, तपासलं आणि घरी न्यायला सांगितलं.

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही डोंगर उतरलो. पायथ्याशी आल्यावर बाबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द सुनावतील.

"जावईबापू, माझ्यामुळे तुमची हौस राहिली," ते म्हणाले. "माफ करा."

"असू दे हो, बाबा," नवरा मोठ्या मनाने म्हणाला. "पुढच्या वर्षी परत जाऊ."

मी वळून बाबांकडे बघत राहिले. ते हो म्हणणार हे मला माहीत होतं, आणि ते म्हणाले.