मांडवीच्या दुकानाची मागची खोली

मांडवीला जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ऐंशीच्या दशकात एक सोडा-सरबताचं दुकान होतं. रत्नागिरीतल्या माझ्या वयाच्या लोकांना ते आठवत असेल. कोकम सरबत तिथलं चांगलं असायचं. पण दुकानाच्या मागे एक खोली होती, ती फार थोड्यांना आठवेल. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट एकावर एक रचलेले, आणि समुद्राच्या बाजूला एक दार, ज्याची कडी कायम लावलेली असायची. शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लागल्या की त्या खोलीत आम्ही काही पुरुष जमायचो. बायकांविषयी जे वाटायला हवं असं सगळे सांगत, ते आम्हाला पुरुषांविषयी वाटायचं. आमच्यात तेवढंच सारखं होतं. जात, गाव, पगार, बोलणं यातलं काही जुळत नव्हतं.

मी तेव्हा पंचविशी ओलांडलेला, एका सरकारी कचेरीत कारकून. घरी आईवडील आणि लग्नाची धाकटी बहीण. कचेरी सुटली की मी जेट्टीवर जाऊन बसायचो. वारा खायला तिथे अख्खी रत्नागिरी यायची, त्यामुळे एकट्या माणसाला कोणी काही विचारत नसे. मी लोकांकडे बघायचो, अंधार पडला की घरी जायचो. जाता-येता त्या दुकानात सरबत घ्यायचो. दुकानाचे मालक पन्नाशीचे, लग्न न केलेले, अंगाने बारीक. सगळं बंदर त्यांना काका म्हणायचं. पुष्कळ दिवस ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी ग्लास पुढे सरकवताना म्हणाले, "वाऱ्यावर किती बसणार? शनिवारी मागच्या खोलीत या. आपलीच माणसं असतात."

आमच्याकडे 'आपलीच माणसं' म्हणजे जातीची किंवा गाववाली. मला वाटलं, यांचा काहीतरी गैरसमज झालाय, आणि मी माझं आडनाव सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते हसत नव्हते, घाबरलेलेही नव्हते. फक्त वाट बघत होते. मी आडनाव सांगितलं नाही.

शनिवारी गेलो तेव्हा आत दोघे होते. एक एस.टी. डेपोतला मेकॅनिक, पावस गावाच्या पुढच्या एका वाडीतला. हाताच्या रेषांत काळं ग्रीस बसलेलं, आणि तेच हात शिमग्याच्या दिवसांत गावच्या नमनात, म्हणजे सोंगं घेऊन नाचायच्या खेळात, गवळण होऊन ओढणी सावरायचे. दुसरे खेडच्या एका शाळेतले गणिताचे मास्तर. ते दर शनिवारी शाळा सुटल्यावर एस.टी.ने यायचे आणि रविवारी परत जायचे. रत्नागिरीत शिकवणी घेतो असं घरी सांगितलेलं. आणखीही कोणी कोणी यायचे, दोन-चार महिन्यांनी दिसेनासे व्हायचे. पण खोली म्हटली की मला काका, मेकॅनिक आणि मास्तर एवढेच डोळ्यांपुढे येतात.

तिथे काय चालायचं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फार काही नाही. आम्ही जेवायचो. काका स्टोव्हवर भात टाकायचे, मेकॅनिक मिरकरवाड्यातून मासळी आणायचा. होळीनंतर ओल्या काजूची उसळ असायची. आणि बोलायचो.  पहिल्या शनिवारी उठायच्या वेळी मेकॅनिकने मला विचारलं की जेट्टीवर रोज कोणाला बघत बसतोस? मी सांगून टाकलं. बँकेतला एक उंच माणूस होता, बायको-मुलांना घेऊन फिरायला यायचा. मास्तरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मिशा चांगल्या आहेत त्याच्या. बस, एवढंच. लगेच ते काट्यांबद्दल बोलायला लागले, कारण त्या दिवशीच्या मासळीत काटे फार होते. त्या रात्री घरी चालत जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

भीती होतीच. कायदा आमच्या विरुद्ध होता, आणि कायद्यापेक्षा वाडीतली माणसं जवळची. बोलताना रेडिओ मोठा ठेवायचा, निघताना एकेकाने निघायचं. स्वतःला काय म्हणायचं तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. लोकांचे शब्द होते, ते आम्ही वापरत नव्हतो. काका म्हणायचे ते 'आपली माणसं' आम्हाला पुरायचं.

मग जयगडचा खलाशी आला. डेपोत एका बिघडलेल्या गाडीपाशी त्याची आणि मेकॅनिकची ओळख झाली होती. तिशीचा, सावळा, खांद्याने रुंद. घरात पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणारी माणसं. हा परदेशी बोटींवर काम करायचा आणि करार संपला की काही महिने गावी येऊन राहायचा. येताना त्याने सिंगापूरचा टेपरेकॉर्डर आणला होता. पण खरं म्हणजे त्याने आमच्यासाठी पटाया आणलं.

थायलंडमधल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात तो बोटीवरच्या एका दोस्ताबरोबर गेला होता. तिथे एका गल्लीत ओळीने बार आहेत, तो सांगायचा, आणि त्यात आपल्यासारखीच माणसं. पुरुष पुरुषांचा हात धरून बसतात, नाचतात. बाहेर रंगीत दिवे, नावाच्या पाट्या. एक बार तर नुसता लाकडी, वाळूवर बांधलेला, नारळाच्या झावळ्यांचा. त्याचा म्हातारा मालक येणाऱ्या प्रत्येकाला आधी भात खाल्ला का ते विचारायचा. 'गे' हा शब्दही मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मास्तरांचा विश्वास बसेना. पोलीस काही म्हणत नाहीत? आईबाप? दार कसलं लावतात?

"दारच नाही," खलाशी म्हणाला. "चारी बाजूंनी उघडं आहे."

 काकांनी विचारलं की तिथे ग्लास भरणारी, नाचणारी माणसं कोण असतात? खलाशी म्हणाला, लांबच्या खेड्यांतली. भातशेती पोटाला पुरत नाही म्हणून आलेली. घरी पैसे पाठवतात, सणाला चार दिवस जातात, आणि गावात सांगतात की हॉटेलात कामाला आहे. काका म्हणाले, म्हणजे आपल्याकडची मुंबईला जातात तशीच की. पुढच्या शनिवारपासून आम्ही पटायाबद्दल ऐकायचो तेव्हा नुसते दिवे ऐकत नव्हतो. त्या म्हाताऱ्या मालकाचं, त्या भात लावणाऱ्या घरांतून आलेल्या माणसांचं काय चाललं असेल, असंही विचारायचो, जसं कोणी मुंबईहून आल्यावर चाळीतल्यांचं विचारावं.

त्या वर्षी शिमग्यात मेकॅनिकच्या मोठ्या भावाने त्याला नमनात उभं राहू दिलं नाही. गावात कुजबुज झाली होती. तो पुढच्या शनिवारी आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. जेवला नाही. म्हणाला, "भावानं सांगितलान, गवळण दुसरा होईल. माझी ओढणीपण त्याला दिलीन."

काकांनी काही समजूत घातली नाही. उठले, समुद्राकडच्या दाराची कडी काढायला लागले. ती गंजली होती, खलाशाने हातोडी मारून ती मोकळी केली. दार उघडलं आणि खाऱ्या वाऱ्याने दिव्याची ज्योत मोठी-लहान झाली. त्या संध्याकाळी वीज गेलेली होती. अजून पुरता अंधार नव्हता. काकांनी स्वतःच्या आईचं जुनं लुगडं ट्रंकेतून काढून मेकॅनिकच्या पुढ्यात ठेवलं. मास्तर घाबरून म्हणाले, दार तरी लावा. काका म्हणाले, "आज नाही लावायचं."

मेकॅनिक बराच वेळ त्या लुगड्याकडे बघत राहिला. मग नेसला. खलाशाने टेप लावला, पण त्या गाण्यावर मेकॅनिकला नाचणं जमेना, म्हणून टेप बंद केला आणि मास्तरांनी क्रेटवर ठेका धरला. मास्तरांना इतका चांगला ठेका येतो हे आम्हाला माहीत नव्हतं. मेकॅनिक नाचला. गावात हजार माणसांपुढे नाचलेला माणूस, त्या खोलीच्या उंबऱ्यावर, अर्धा आत अर्धा बाहेर. मी आणि खलाशी शेजारी शेजारी उभे होतो. त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

वाळूवरून दोन कोळी जाळं खांद्यावर घेऊन चालले होते. ते थांबले. मी हात सोडवायला गेलो, तर खलाशाने पकड घट्ट केली. त्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "नमनाची तालीम चाललीय काय?" काका म्हणाले, हो, तालीम. म्हातारा जरा वेळ उभा राहिला, मान डोलावली, गिरकी चांगली घेतो म्हणाला, आणि दोघे गेले. आमच्या जिवात जीव आला. तरी त्या सुटकेत थोडं वाईटही वाटलं, ते का हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्याकडे कोणी डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि तरी आम्ही कोणाला दिसलो नाही.

खलाशी त्या खेपेला पावसाळा संपेपर्यंत राहिला. आम्ही रविवारी एस.टी.ने पावसला जायचो, कातळावरून पायी हिंडायचो, कुणाच्या तरी कलमांच्या बागेच्या दगडी गडग्यावर बसायचो. दोन मित्र म्हणून लोक बघायचे, आणि आम्ही होतोही. नव्या करारावर बोट लागली तेव्हा त्याने मला विचारलं, मुंबईला येतोस का, खोली घेऊ. मी म्हटलं, बहिणीचं लग्न होऊ दे. ते खरं होतं. तो म्हणाला, बरं. पुन्हा त्याने विचारलं नाही आणि मलाही ते पुन्हा काढता आलं नाही.

खोली पुढे काही वर्षं चालली, पण एकेक करून माणसं गळली. मास्तरांचं लग्न झालं. आम्ही सगळे खेडला वऱ्हाडात गेलो, रत्नागिरीचे स्नेही म्हणून पंगतीत बसलो. मुलगी हसरी होती. मास्तर आमच्याकडे बघून एकदाच हसले आणि त्यानंतर शनिवारी आले नाहीत. मेकॅनिकची बदली घाटावर झाली. आपल्यासारख्यांना होणाऱ्या नव्या आजाराच्या बातम्या पेपरात यायला लागल्या, तेव्हा जे अधूनमधून यायचे तेही बंद झाले. काकांचे गुडघे गेले आणि दुकान पुतण्याकडे आलं. त्याने मागच्या खोलीत व्हिडिओ लावला. तिकीट काढून माणसं दाटीवाटीने बसायची. मी एकदा गेलो. काका दारापाशी स्टुलावर बसून होते. मला म्हणाले, "आता रोजच गर्दी असते." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला तिथे थांबवेना.

दशक संपत आलं तेव्हा खलाशी परत आला होता. आम्ही जेट्टीवर बसलो. मी त्याला खोलीचं सांगितलं. तो म्हणाला, तिथलंही आता तसं राहिलेलं नाही. वाळूवरचा तो लाकडी बार पाडला, तिथे मोठं हॉटेल उभं राहतंय. म्हातारा मालक आपल्या गावी निघून गेला. नवे बार चकचकीत आहेत, आणि बसमधून माणसं नुसती बघायला येतात. नवराबायका येतात, फोटो काढतात. भात खाल्ला का, असं कोणी विचारत नाही. एवढ्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या जागेसाठी माझे डोळे भरून आले. खोलीसाठी आले नव्हते.

तो नंतरही बरीच वर्षं बोटींवर होता. मी नोकरी केली, बहिणीचं झालं, आईवडील गेले. काकाही गेले. लग्न आम्ही दोघांनीही केलं नाही. आता तो निवृत्त होऊन जयगडला भावाच्या घरी असतो. तिथे मोठं बंदर झालंय, गावाचं रूप पालटलंय. महिन्यातले काही दिवस तो माझ्याकडे येऊन राहतो. शेजारचे त्याला मामा म्हणतात.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या कचेरीतला एक तिशीतला कारकून आमच्याकडे आला. कसं कोण जाणे, त्याने आम्हाला ओळखलं होतं. तुमच्या वेळी कसं होतं, हे त्याला ऐकायचं होतं. आम्ही सांगितलं. त्याने फोन काढून आपल्यासारख्यांच्या ओळखीपाळखीचं ॲप दाखवलं. रत्नागिरीपासून खेडपर्यंतची किती माणसं त्यात होती. चेहरे कमी, छात्या आणि पाठी जास्त. माझ्या मनात हेवा आला आणि थोडी कीवही, आणि दोन्ही बोलून दाखवावंसं वाटलं नाही. खलाशाने चष्मा लावून बराच वेळ फोन पाहिला. मग विचारलं, "ही सगळी जेवायला कुठे जमतात?"

कारकून म्हणाला, जमत नाहीत. बोलणं होतं, कधी कोणी कोणाला भेटतं, तेवढंच.

खलाशी म्हणाला, मग रविवारी इकडे ये, आणि यातलं जे कोणी येईल त्याला घेऊन ये. रविवारी तो एकाला घेऊन आला. तो दुसरा इतका लाजत होता की पहिला भात संपेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही. आम्ही काही विचारलं नाही. खलाशाने त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.