दुखतो उजवा, ओढतो डावा

गुडघ्याचं लिहितोय म्हणलं की तुमी म्हणणार, आता ह्यो मैदानात पडला, हाड कटकन मोडलं, चौघांनी उचलून नेला. तसलं काय न्हाय. पडलोच न्हाय की मी! म्हणून तर कुणाचा इश्वास बसंना.

मी खो-खोचा गडी. रांगेत उकिडवं बसायचं, खो मिळाला की सुसाट सुटायचं. जिल्ह्याची निवड जवळ आली, सरांनी सराव एकदम डबल केला आणि माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी ठणकायला लागली. जिना चढताना थोडी, उतरताना लई. सिनेमा बघून उठलो की म्हातारा. सूज मात्र कुटं न्हाय.

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "आज कुणाची नक्कल?"

त्यांचं तरी काय चुकलं? सरांचीच चाल मी टीमला करून दाखवायचो. एक हात कमरेवर, डावा पाय ओढत, तोंडात शिट्टी.

तरी जुळे सोलापूरला फिजिओ मॅडमकडं नेलं. मला वाटलं, काळजी. कसली! रिक्षातच म्हणाले, "नाटक निघालं तर टीममधनं बाहेर."

तितं मला मॅडमचाच संशय आला. एक्सरे बघून म्हणाल्या, "हाड चांगलंय," आणि मांडी, खुबा दाबायला लागल्या.

"मॅडम, गुडघा खाली हाय की ओ."

हसल्या न्हाईत. एका पायावर पायरी उतरायला लावली. मग म्हणाल्या, "गुडघा आत झुकतोय. खुबा-मांडीत ताकद कमी, त्यात सराव वाढला. सगळा ताण वाटीवर."

सुई न्हाय, गोळी न्हाय. बाई टाळतीय, मनात म्हणलं.

"सरावानंतर कसा चालतोस? दाखव."

दाखव म्हणलं की माझ्या अंगातच येतंय. झक्कास लंगडलो खोलीभर.

"दुखतो कुठला?"

"उजवा."

"मग डावा का ओढतोयस?"

दारात सर उभे. हात कमरेवर. आपली चाल त्यांनी बरोबर वळखली. मी म्हणलं, गेली निवड.

मॅडमनी मला गप्पांत गुंतवून परत पायरी उतरवली. गुडघा आतच गेला. "लंगडणं खोटं, दुखणं खरं," त्या सरांना म्हणाल्या. "खेळ बंद नको. उड्या आणि उकिडवं बसणं कमी करा. रोज खुब्याचा, मांडीचा व्यायाम. दुखणं उतरलं तर निवडीला जाईल."

जिन्यात मी म्हणलं, "सर, म्हणजे टीममधी हाय न्हवं?"

"गप! माझी चाल करतोस व्हय रं? तुझ्या वयात माझा डावा असाच दुखायचा. कुणाला बोललो न्हाय, तसाच पळत राहिलो. उद्यापासनं व्यायाम माझ्यासमोर. एकदा जरी चुकलास तर निवड इसर." सर सोता कठडा धरूनच उतरत होते. "आणि दात काय काढतोस गाढवा? कठडा धर!"