नाव न घेता लिहिलेला माणूस

चाळिशीत मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात सदर लिहायची आणि लोकशाही आपल्याच पेनावर तोलून आहे अशा ऐटीत भाजी घ्यायलाही जायची.

अंजनगावकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीनं एकदा सांगितलं, की संस्थेचे अध्यक्ष दरवर्षी शेतात नवसाचे रोडगे करतात. कणीक मळायला नि गोवऱ्यांच्या आरावर गोळे भाजायला सगळ्या शिक्षकांना जुंपतात, तेही रविवारी. नोकरीत कायम व्हायचे असतील त्यांनी तर पहाटेच हजर व्हायचं. ती कायम व्हायची होती.

मी पेटले. रोडग्यांवर सदर लिहिलं, पण नाव घेतलं नाही. मला कायदा कळायचा ना! फक्त त्यांचा केशरी फेटा, बुलेट, जेवताना शर्टाची बटणं सोडायची सवय, एवढंच रंगवलं आणि वर ‘बकासुर’ म्हटलं. अंक निघाला त्या दिवशी एसटीतला कंडक्टर सदरातल्या फोटोवरून मला ओळखून म्हणाला, "मॅडम, आमच्या अध्यक्षाले मस्त धुतलं!" मी चक्क लाजले. पाठोपाठ मला आणि संपादकांना अब्रुनुकसानीची नोटीस आली.

माझे थोरले दीर अकोल्याला जठारपेठेत वकिली करत. त्यांच्यासमोर मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण ठोकलं. चहा संपेपर्यंत त्यांनी ऐकलं.

"बाईसाहेब, मत मांडाले कोणी अडवलं नाही. पण रोडगे भाजून घेतले हे मत नाही, आरोप आहे. कोर्टात शाबीत करा लागते. साक्षीले कोण?"

साक्षीला मैत्रीणच, आणि साक्ष दिली की तिची नोकरी गेली. फोन केला तर म्हणाली, "तू म्हनशील तं येतो व." आवाज मात्र बारीक झाला होता. मी ठरवलं, सगळंच खोटं होतं असं छापून, माफी मागून मोकळं व्हायचं.

त्याआधी दिरांनी अध्यक्षांना समेटाला बोलावलं. आले ते फेट्याशिवाय. बसले नाहीत तोच सुरू झाले, "रोडगे भाजले तं भाजले, त्यात का झालं? मास्तरं माह्या घरचेच हायेत! पन बाई, मले बकासुर कावून म्हनलं? माही सून पेपर वाचते ना. आता तिले पोळी मांगाची लाज वाटते मले."

दिरांनी माझ्याकडे न बघता कागद पुढे ओढला. साक्षीदाराची गरजच उरली नव्हती. मला हसू येत होतं आणि त्या माणसाची कीवही. लोकशाही वाचवायला निघालेल्या बाईनं एकाला त्याच्याच ताटावर उपाशी ठेवलं होतं.

पुढच्या अंकात मी बकासुर आणि बटणं मागे घेतली, मनापासून माफी मागितली. रोडगे मागे घेतले नाहीत. त्यांनीही प्रकरण पुढे नेलं नाही.

दुसऱ्या वर्षी शाळेचा शिपाई वर्गावर्गात पुन्हा निरोप घेऊन फिरला, "रविवारी रोडगे हायेत. ज्याइले सवड असंल त्याइनंच या म्हनते अध्यक्ष."

मैत्रिणीला सवड नव्हती.