खोकल्याशिवायचा आवाज

“साहेब, आज खोकला नाही? आम्ही तं त्याच्यावरूनच ओळखतो, गाडी लागली म्हणून!”

जळगाव जामोदच्या बसस्थानकात एक कंडक्टर वाहतूक नियंत्रकांना डिवचत होता. शेजारच्या औषधाच्या दुकानात मी काउंटरमागे होते.

“गोळ्याच सोडल्या बे,” ते म्हणाले. “माइकवर खोकलो का लोक हसू राह्यले होते मले.”

बोलण्याआधी ते माइक रुमालाने पुसतात. गावाचं नाव तर असं घेतात, जणू घरातल्या कुणाला हाक मारताहेत.

त्यांचं हृदय वाढलंय, हे मला त्यांच्या चिठ्ठीवरून माहीत होतं. रक्तदाबाच्या ओझ्याखालच्या हृदयाला ‘अजून जाड हो’ असा निरोप देणारं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, शरीरात तयार होतं. त्यांनी सोडलेली गोळी हे पेप्टाइड तयार होऊ देत नाही. पण त्याच गोळीने दुसरं एक पेप्टाइड साठतं आणि काहींना कोरडा खोकला लागतो. आता खोकला थांबला होता, म्हणजे निरोप पुन्हा सुरू झाला होता.

त्यानंतर आठवडाभर तो स्वच्छ आवाज ऐकत मी गप्प बसले. मोठ्या माणसाला आपण काय सांगायचं, असं वाटायचं. मग घोषणेत ‘संग्रामपूर’ आणि ‘शेगाव’च्या मध्ये त्यांना दम घ्यावा लागू लागला. आज चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतलेले दिसले.

मी उठून त्यांच्या खिडकीशी गेले.

“काका, खोकला न आणणारी दुसरी गोळी असते. डॉक्टरांकडे आत्ताच चला. मला हे आठवडाभर माहीत होतं.”