पोराला संडास शिकवला तेव्हा

पुतण्या आमच्याकडे राहायला आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी समोरच्या बाईनं आमची कडी वाजवली. मी चहाचं आधण ठेवलं होतं. दार उघडलं तर ती नाकाला पदर लावून उभी होती. आवाज मात्र अगदी शांत.

"अंगणात नालीपाशी तुमच्या मुलानं घाण केलीय," ती म्हणाली. "उचलून घ्या. मला तिथून पाणी न्यायचंय."

तो माझा मुलगा नव्हता. माझ्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तो मोठ्या दिरांचा मुलगा, अमडापूरचा, नुकतंच सहावं लागलेला. गावातल्या शाळेतून रोज पळून शेतात जायचा, म्हणून काकाच्या धाकात राहील, चार अक्षरं शिकेल, असं घरच्यांनी ठरवलं आणि त्याला मलकापूरला आमच्याकडे आणून सोडलं. मला कोणी विचारलं नव्हतं. आमची एक खोली आणि पुढची पडवी. त्यात मी, हे आणि आता हा. पण ते समोरच्या बाईला सांगून काय उपयोग? पत्र्याच्या तुकड्यावर चुलीतली राख घेतली आणि अंगणात गेले. मी काम नीट करते की नाही, हे ती दारात उभी राहून बघत होती.

घर एका कापसाच्या दलालाचं होतं. मालक-मालकीण वर राहायचे, खाली आम्ही दोन बिऱ्हाडं. मागच्या अंगणात मालकांनी नुकताच संडास बांधला होता, पांढऱ्या भांड्याचा, खाली टाकी असलेला. गल्लीत तोवर सगळे टोपलीचेच होते, रोज कोणीतरी येऊन टोपली उचलून न्यायचे. मालकीणबाईंना त्याचं इतकं कौतुक की पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवायला न्यायच्या. वरची मंडळी पहाटेच उरकून घ्यायची. मग दिवसभर तो खालच्या दोन बिऱ्हाडांचा. प्रत्येकानं आपलं पाणी आपण न्यायचं, बादलीभर टाकायचं आणि बाहेर यायचं, एवढा नियम.

समोरच्या बाईचे यजमान कचेरीत कारकून होते, पुण्याकडून बदली होऊन आलेले. बदली म्हणजे शिक्षा, असंच ती धरून चालली होती. इथलं ऊन, इथलं पाणी, इथली भाजी, काहीच तिच्या मनाला येत नसे. मी काही बोलले की ती माझंच वाक्य सावकाश परत म्हणायची. "तुले म्हणजे तुला, नाही का?" मी तिच्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागले होते. त्या सकाळपासून ते बंद केलं.

घरात आले तर पोरगं पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलं होतं.

"काल तुले संडास दाखवला होता ना?"

"हाव."

"मंग तठी काऊन नाई गेला?"

"तठी मोठं भोक हाये. पडलो तं?"

"कोणी पडत नाई त्यात."

"तुले काय माहीत?"

मी त्याचा दंड धरून त्याला मागं नेलं. संडासाच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही पाय रोवून उभा राहिला. मी ओढलं तसं त्यानं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. बांगडीच्या वर दातांची खूण उठली. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो रडला नाही. म्हणाला, "मी अमडापूरले चाललो."

"जा," मी म्हणाले. "रस्ता माहीत आहे का?"

रस्ता माहीत नव्हता, म्हणून राहिला. आमच्या दोघांची सुरुवात ही अशी झाली.

मग तो आत जायला लागला, पण ते आणखी वाईट. तो बाहेर आला की घाण भांड्यात नसायची, बाजूच्या फरशीवर असायची. समोरच्या बाईला त्याची जाण्याची वेळ पाठ झाली होती. तो बाहेर पडला की ती आत डोकावायची आणि मग आमच्या दाराशी यायची. एकदा तर बोललीसुद्धा नाही. आमचं टमरेल आणून उंबऱ्यावर पालथं घातलं आणि निघून गेली. मी रोज फरशी घासत होते आणि रोज त्या पोराचा राग करत होते, आणि तिचा त्याहून जास्त.

एका रविवारी मी त्याला कपड्यांसकट आत बसायला लावलं. दार उघडं ठेवलं आणि बघत उभी राहिले. भांड्याच्या दोन बाजूंना पाय ठेवायच्या फरश्या होत्या, त्या मोठ्या माणसांच्या मापानं बसवलेल्या. त्याचे पाय तेवढे फाकतच नव्हते. एक पाय कसाबसा टेकवला की दुसरा घसरायचा. मग घाबरून तो दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन, भिंत धरून बसायचा. अजून काय होणार?

रात्री जेवताना यांना सांगितलं. हे सरकी काढायच्या जिनात तोलाईवर होते; संध्याकाळी घरी यायचे तेव्हा केसांत, मिशीत कापूस असायचा.

"शिकेल हळूहळू," हे म्हणाले.

"शिकवणार कोण?"

 दोन-चार दिवसांनी ह्यांनीच जिनातल्या सुताराकडून एक जाड फळी करून आणली, मधोमध खाच कापलेली. ती भांड्यावर आडवी टाकली की पोराला दोन्ही पाय जवळ ठेवून बसता यायचं, आणि खालचं भोकही निम्मं झाकलं जायचं. समोरच्या बाईनं ती भिंतीला टेकवून ठेवलेली पाहिली.

"आता हे लाकूडही इथंच राहणार का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

पुढचे सगळे दिवस मी त्याच्या मागं हात धुऊन लागले. आत गेल्यावर आधी भांड्यात थोडं पाणी टाकायचं, म्हणजे चिकटत नाही. फळी नीट बसली का ते पायानं हलवून बघायचं. चड्डी काढून खुंटीला टांगायची, खाली टाकायची नाही. चड्डीचा तर वेगळाच घोळ होता. त्याच्या आईनं सगळ्या चड्ड्यांना नाडी घातलेली. घाईत तो भलतंच टोक ओढायचा, गाठ बसायची, आणि गाठ सुटेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जायचं. मी सगळ्या नाड्या काढून टाकल्या आणि बटणं लावली. धुणं, मग बादलीभर पाणी एकदम ओतणं, फळी धुऊन भिंतीला लावणं, बाहेर येऊन राखेनं हात घासणं. हात घासले म्हणाला तरी मी नाकाशी धरून बघायची आणि परत पाठवायची.

"माही माय तं असं नाई करत," तो एकदा चिडून म्हणाला. "तू माही माय नाईस."

"नाई," मी म्हणाले. "माय असते तर तुह्या मागं मीच धुतलं असतं. मी काकू आहे. तूच धू."

तो माझ्याकडे असा बघायचा की मोठा असता तर घर सोडून गेला असता. पण पोरगं चिवट होतं. एकदा काम अंगावर घेतलं की त्यात खोट चालायची नाही. दिवाळीच्या आतच सगळं त्याच्या अंगवळणी पडलं. बाहेर येऊन दारातच उभा राहायचा आणि हाक मारायचा, "काकू, पाहून घे." मी बघायची. भांडं चकचकीत, फरशी कोरडी, टमरेल जागेवर. मी "ठीक" म्हणायची. ह्यापलीकडं कौतुक मी केलं नाही, त्यानंही मागितलं नाही.

आणि तरी तक्रार थांबेना. आता फरशी स्वच्छ असते, पण भांडं तसंच सोडलेलं असतं, अशी नवी तक्रार. समोरची बाई मला सांगायची सोडून थेट वर जायला लागली. एका सकाळी मालकीणबाईंनी यांना जिन्याशी बोलावून घेतलं.

"पोराला आवरा, नाही तर खोली बघा दुसरी," त्या म्हणाल्या. "एवढा खर्च करून बांधला तो यासाठी नाही."

मलकापुरात खोली मिळणं सोपं नव्हतं. हे घरात आले, पाटीवर अक्षरं गिरवत बसलेल्या पोराला काखेत धरून उठवलं आणि काही न विचारता मारलं. मी मधे पडले. "तो टाकतो पाणी. मी रोज बघते."

"मग कोण नाही टाकत? मी?" हे म्हणाले. "का ते कारकून?"

तेव्हा माझ्याही मनात ते आलं नव्हतं. ते गृहस्थ इस्त्रीची विजार घालून, केसांना तेल लावून कचेरीत जायचे. जाताना कोणाशी बोलायचे नाहीत. असा माणूस बादली उचलत नसेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

पोरानं संडासात जाणंच सोडलं. विचारलं तर "नाई आली" म्हणायचा. पोट दगडासारखं घट्ट झालं, जेवेना. शेवटी मी एरंडेल पाजलं आणि सकाळी स्वतः त्याच्या हातात टमरेल दिलं. "तू पाणी टाकतोस, मले माहीत आहे," मी म्हणाले. "जा."

अंगणात त्या वेळी सगळेच होते. मालकीणबाई वाळवणाचे सांडगे बघायला खाली आल्या होत्या. समोरची बाई तिच्या न्हाणीपाशी भांडी विसळत होती. मी आमचा रांजण भरत होते. कारकून नुकतेच संडासातून बाहेर येऊन हातावर साबण चोळत होते. पोरगं बादली ओढत आत गेलं आणि लगेच बाहेर आलं. बादली तिथंच ठेवली, सरळ कारकुनांसमोर जाऊन उभं राहिलं.

"काका, तुम्ही पानी टाकलं नाई," तो म्हणाला. "पहिले टाका, मंग मी जातो."

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. मी त्याला जे सांगायची, तेच तो सांगत होता. कारकुनांच्या हातावर साबण तसाच राहिला.

"मी टाकलंय," ते म्हणाले.

"नाई. चालून पाहा."

कारकून हलले नाहीत. मालकीणबाईच गेल्या. दारातून आत पाहिलं, पोराची बादली काठोकाठ भरलेली पाहिली, आणि परत येऊन समोरच्या बाईकडं नुसतं बघितलं. बाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. उठली, बादली उचलली, आत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. रोज ती हे गुपचूप करत असावी आणि ज्या दिवशी करायचं राहायचं किंवा नकोसं व्हायचं त्या दिवशी वर जाऊन आमचं नाव सांगत असावी, असं मला त्या क्षणी वाटलं. पण तिची कीव मात्र आली नाही.

संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली.

"मुलाला पढवून पाठवलंत ना?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "पाणी टाकायला पढवलं."

त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. संक्रांतीला सबंध गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं, मला सोडून. धुण्याचं पाणी आमच्या दाराकडं सोडायला लागली. मी खराट्यानं ते तिच्या दाराकडं लोटायची. कारकून मात्र पोराच्या नंतर रांगेत उभं राहायची पाळी नको म्हणून अंधारातच टमरेल घेऊन रुळांपलीकडं शेतात जाऊ लागले. उन्हाळ्याच्या आधी त्यांची बदली झाली. सामान बैलगाडीत चढलं तेव्हा मी दारात उभी होते. तिनं मान वर केली नाही.

ह्यांनी पोराला मारल्याबद्दल त्याला कधी काही म्हटलं नाही. त्या आठवड्यात बाजारातून जिलबीचा पुडा तेवढा आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. पोरानं तो उचलून माझ्यासमोर सरकवला आणि पाटी घेऊन पडवीत गेला. काकाशी तो पुढं कित्येक वर्षं कामापुरतंच बोलला. मी समजूत घालायला गेले नाही.

मे महिन्यात तो अमडापूरला गेला. जूनमध्ये जाऊबाई स्वतः त्याला सोडायला आल्या. पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पोरगं घरचं राह्यलं नाई," त्या म्हणाल्या. "सगळे पोरं नाल्याकडं जातात, हा जात नाई. म्हणे उघड्यावर बसत नाई. आजीले म्हणते, हात राखेनं घास, मंग भाकर दे. नाड्या काऊन काढल्या तुम्ही त्याच्या चड्ड्यांच्या? म्या हातानं केल्या होत्या."

"गाठ बसत होती," मी म्हणाले.

"त्याच्या बापानं गोठ्यामागं खड्डा खंदला, माहीत आहे? चार बल्ल्या, चार गोणपाटं. लोक हसून राह्यले आमच्यावर."

पोरगं तोवर पिशवी उघडून आपल्या चड्ड्या काढत होतं. मी जाऊबाईंना पाट दिला, त्या बसल्या नाहीत. संध्याकाळच्या बसनं परत गेल्या आणि पुढचं सबंध वर्ष माझ्याशी बोलल्या नाहीत. समोरच्या खोलीत तेव्हा नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्यांच्या मुलीला घेऊन पोरगं दुसऱ्या दिवशी सकाळी मागं गेलं, आणि फळी कशी टाकायची ते तिला दाखवायला लागलं. तिच्या आईला ते आवडलं नाही. तिनं मला तसं येऊन सांगितलंही.