खानावळीचं उदाहरण

एमबीएच्या वर्गात यंदा मी प्रत्येकाला त्याच्या कामाला साजेसं उदाहरण सोडवायला दिलं. नौदलातून आलेल्या गृहस्थांना जहाजांचं, इस्पितळातल्या नर्सबाईंना खाटांचं आणि बारा वर्षं खानावळ चालवलेल्या सविताताईंना खानावळीचं. स्वतःच्या कल्पकतेवर मी खूश होतो.

सविताताईंनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सर, मला जहाजांचं द्या ना. खानावळीतून बाहेर पडायलाच तर इथे आले."

नर्सबाई मात्र आपल्या खाटांमध्ये रमून गेल्या होत्या.

माणूस येतो कुठून ते बघायचं, की निघालाय कुठे ते? पुढच्या तासाचे कागद काढायला बसलोय. प्रत्येकावर नाव लिहून झालंय. खाली काय लिहावं, ते त्यांनाच विचारायचं राहिलंय.